खिडक्या लावून ठरवलेलं

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग काही गेला नाही. वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता. तुम्ही म्हणता, हात वर करा. मी करते. "पोरींनी नाही. हात खाली घे." हजेरीत मात्र आम्हाला बरोबर मोजायचात, पट भरला नाही तर शाळा बंद पडेल म्हणून.

आता मी दुबईत, मुलाकडे असते. नात अमेरिकन शाळेत जाते. काल ती टेबलाशी अमेरिकेची राज्यघटना पाठ करत होती, मी मेथी निवडत होते. म्हणाली, सगळ्या राज्यांच्या पुढाऱ्यांना बोलावलं होतं जुना कायदा दुरुस्त करायला. यांनी भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावल्या, बाहेर पहारा बसवला आणि आत नवाच कायदा लिहिला. मी विचारलं, "एसी होता का?" "नो, आजी." "मग नक्की काहीतरी शिजत होतं. उकाड्यात उगीच कोण खिडक्या लावतंय?" बायकांचं काय, विचारलं. "काउंटेड, बट नो व्होट." आणि गुलाम? पाचातले तीन धरायचे, तेही मालकांच्या राज्यांच्या संसदेतल्या जागा वाढाव्यात म्हणून. मला तुमची हजेरी आठवली. अजून विचारायला गेले तर म्हणाली, "खलास, आजी, लेट मी स्टडी."

तेव्हाही मुलगा-सून बेडरूमचं दार लावून आत. आठवडाभर हेच चाललंय. मी कान लावला, हसू नका. 'आई', 'व्हिसा', 'गावचं घर', एवढंच ऐकू आलं. म्हटलं, आपली पाठवणी ठरतेय. दार वाजवलं. "काय रे, मला मोजलंय का आत?" सून ओशाळली. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. "आई, तुझा व्हिसा संपतोय. रिन्यू करू, की तुला गावी राहायचंय? तू म्हणशील ते."

"मग दार कशाला लावलं?"

"तुला कसं विचारायचं तेच कळेना. तुला वाटलं असतं, घालवतोय."

माझा अजून पुरता विश्वास नाही. दाराआड ठरलेलं बाहेर येताना गोडच होऊन येतं. पण मी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली, गुरुजी. बापाच्या घरी नाही, नवऱ्याच्या घरी नाही, मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "एवढी मेथी होऊ दे, मग सांगते," म्हटलं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही तेच बरं. तुम्ही म्हणाला असता, तेव्हा हात खाली घे म्हटलं तर आठ दिवस फुगून बसलीस, आता वर कर म्हणतायत तर मेथी कसली निवडतेस? खरं सांगू, मेथी केव्हाच निवडून झाली होती. मी नुसती देठं चिवडत बसले होते.