मोटारसायकलीच्या तेलाबद्दल एकच अट

मी, एकोजीराव सुंदरराव साळुंखे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. आवाजही शाबूत आहे, शेजाऱ्यांना विचारावे. दडपणाखाली मी आयुष्यात एक वाक्य बोललो नाही, तेव्हा हे लिहितानाही कोणाचे दडपण नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मंगला हिची. "आता आमच्याकडे चला" म्हणून तिला कोणी हलवू नये. ती माझ्या सभांना कधी आली नाही; पण भाषणांच्या तालमी तिने स्वयंपाकघरातून ऐकल्या आणि मी लांबण लावली की भांडे आपटले. माझी चांगली भाषणे त्यामुळेच आटोपशीर झाली.

२. मराठी, तमिळ व इंग्रजी पुस्तके चोळपुरम्च्या शाळेच्या वाचनालयास. समासांत मी लेखकांशी घातलेले वाद कोणी पुसू नयेत.

३. सर्व जातींना एका पंगतीत बसवण्याची आमची सभा चोळपुरम् येथे झाली, तेव्हा पुतण्या हनुमंतराव पावसाचे निमित्त सांगून घरी बसला. त्यास माझी छत्री द्यावी.

४. आता मुख्य बाब. माझी जुनी विलायती टू-स्ट्रोक मोटारसायकल. एंजिनाला तेल पोचवण्यासाठी तिला हातपंप होता; चालवणाऱ्याने वाटेत तो अधूनमधून दाबायचा. मी गाडीवर बसलो की मनात पुढचे भाषण सुरू होई, पंप राहून जाई, एंजिन जाम होई आणि ते भाषण बांधावरच्या बैलांना ऐकावे लागे. अखेर मी हातपंप काढला. समया ओतणाऱ्या कारागिराकडून पितळेची झडप करवून घेतली आणि ती पेट्रोलच्या तारेला जोडली. मूठ पिळली की पेट्रोलबरोबर तेलही वाढते. माझे सायकल-दुकानदार मित्र चंद्रमौळी म्हणतात, "कशाला एवढा खटाटोप? पेट्रोलमध्ये तेल ओता, ढवळा, झालं!" त्यांनी एकदा तसे करून गाडी गोविंदपुरम्ला नेली. धुराने अख्खी भजनी मंडळी अभंग सोडून खोकत बसली.

ही गाडी कन्या अंबुजा हिला. ती चोळपुरम्च्या शाळेत शिकवते आणि रोज याच गाडीने जाते. बाईने मोटारसायकल चालवण्याबद्दल ज्यांना बोलायचे आहे त्यांनी बोलावे. ती तोवर पुढे गेलेली असेल. अट एकच: माझ्या तेलाच्या योजनेत कोणताही बदल कधीही करू नये.

५. ही अट मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवली. अंबुजा ओसरीवर आली.

"मग गाडी नको मला, अप्पा. मी बसने जाईन."

"का म्हणून?"

"कावेरीचा पूल उतरताना मूठ बंद असते. एंजिन तर जोरात फिरत असतं, आणि तुमची झडप नेमकं तेव्हाच तेल तोडते; मला रोज तिथे एंजिनच बंद करावं लागतं. तिथे पंपच पाहिजे, दातेरी चाक लावून एंजिनानेच फिरवलेला."

"इतकी वर्षे काही बिघडले?"

"तुम्ही उतारावरसुद्धा मूठ सोडत नाही, अप्पा! म्हणून तुमचं निभावलं."

चंद्रमौळी गुडघ्यावर थाप मारून हसले. "अय्यो, एकोजीराव! मेलेल्यांनी जिवंतांचे हात बांधू नयेत, असं महामहम तलावाच्या काठी कोण ओरडत होतं? मी पहिल्या रांगेत होतो हो."

हे वाक्य माझेच आहे. ते मी गावोगाव सांगितले आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

६. मी पोरीकडून दातेरी चाक कागदावर काढून घेतले. चूक शोधण्याच्या इराद्याने पाहिले. सापडली नाही. सबब कलम चारमधील अट मी रद्द करतो. गाडी, झडप आणि हत्यारांची पेटी अंबुजेला बिनशर्त. तिने हवे ते कापावे, जोडावे, फेकून द्यावे. मी आहे तोवर मला विचारावे. ऐकलेच पाहिजे असे नाही.

७. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. वक्त्यांचे खंडन करायला मी नसेन.

कुंभकोणम्, रविवार, ९ सप्टेंबर १९५६
(सही) एकोजीराव सुंदरराव साळुंखे

साक्षीदार:

राधाकृष्ण, गोविंदपुरम्. एकोजीरावांनी माझ्यादेखत सही केली.

चंद्रमौळी, मेलकावेरी. माझ्याही देखत केली. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे, हे माझे मत कायम आहे. अंबुजेने दातेरी चाक कापायला उद्या दुकानावर यावे.