चार कोठ्यांचा एकच आकडा

१४ डिसेंबर २०१४, संध्याकाळ. तिरोडा.

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. बियाण्याच्या चारही कोठ्यांत ते रोज कोपरापर्यंत हात घालून धानाची ओल ओळखत. मला ते येत नाही, म्हणून सेन्सर लावून प्रोग्राम लिहिला. आजवर वरून खाली चालणाऱ्या साध्या स्क्रिप्टच लिहिल्या होत्या. या वेळी पुस्तक बघून पहिल्यांदा प्रोग्राममध्ये क्लास, म्हणजे कोठीचा एक साचा, लिहिला आणि त्यातून प्रत्येक कोठीसाठी एक वेगळा ऑब्जेक्ट काढला. आठ दिवस चारही कोठ्या बारा टक्के ओल दाखवत होत्या. म्हणजे धान कोरडं. म्हणून कोठ्यांचे वाळवणीचे पंखे बंदच ठेवले.

आज बाबांच्या वेळेपासून कोठ्यांवर काम करणारे सुखराम काका म्हणाले, "बाई, तिसरीत हात ठेववत नाही. आत भट्टी होऊन राहिली. तुह्या कम्प्युटरले गरम लागत नाही काय?"

ओलीचा आकडा मी प्रत्येक कोठीच्या ऑब्जेक्टमध्ये न ठेवता सगळ्यांच्या सामाईक क्लासमध्येच ठेवला होता. म्हणून चौघींत मिळून तो एकच, शेवटी मोजलेल्या चौथ्या कोठीचा. दुरुस्त केल्यावर तिसरी एकोणीस टक्के, आणि ओलं धान आतल्या आत तापतं. आठ दिवस एकोणीस? एकदा तरी हात का घातला नाही मी?

तिसरीत अर्ध्या गावाची पुढची पेरणी आहे. तापलेलं बी वरून चांगलंच दिसतं, फक्त उगवत नाही. पंखा लावला. किती उगवतात ते बघायला काकांनी तिथले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. "मोड येतवरी कोणाले सांगू नको," म्हणाले.

आत्ताच शेजारच्या काकू येऊन गेल्या; त्यांचंही बी तिसरीतच आहे. "आमचं बी बरं आहे ना वं?"

मी हो म्हटलं.