प्रागच्या पुलावर उघडे कान

टूनगॅबी, ऑक्टोबर २०२०, बुधवार संध्याकाळ

मुग्धाने आज व्हिडिओ कॉलवर मला प्राग फिरवलं. बाळंत होऊन अजून महिनाही झाला नाही आणि ही बया बाळाला गाडीत घालून त्या जुन्या दगडी पुलावर! पुलावर चिटपाखरू नाही.

"ताई, एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते, बघ ना!"

मी कसली बघतेय? तिचे कान उघडे होते. कानांवर मास्कची दोरी होती, स्कार्फ नव्हता. नदीवरचा वारा मला फोनमध्ये ऐकू येत होता.

"आधी कान बांध," मी ओरडलेच.

"इथे कोणी नाही गं बांधत," म्हणाली आणि फोन किल्ल्याकडे वळवला.

किती वर्षं हे शहर बघायचं होतं मला. आता डोळे मिटले तर एक मनोरा आठवत नाही, कान तेवढे दिसतात.

आई पुण्यात अडकलेली, मी इथे. करोनामुळे देशाबाहेर जायची परवानगी इथल्या सरकारने दोनदा नाकारली. डिंकाचे लाडू भरलेली बॅग दारातच आहे. चिन्मय म्हणतो, निदान आत तरी ठेव. नवरा असला म्हणून काय झालं, नाही ठेवणार.

मघाशी तिसऱ्यांदा अर्ज भरायला बसले. प्रवासाचं कारण काय? मागे 'कुटुंबाला मदत' असं शहाण्यासारखं लिहिलं होतं, ते त्यांना पुरलं नाही. आज खरं तेच लिहिलं. माझी बहीण बाळंतीण आहे आणि तिचे कान उघडे आहेत.

पाठवूनही दिलं.