अरा राजाचा पुसलेला गाल

माझ्या भावा, झावेन जान,

आईच्या मागे राहिलेलं, आपल्या जुन्या राजांची चित्रं कोरलेलं तांब्याचं तबक अजून आलं नाही म्हणून तू तिसऱ्यांदा लिहिलंस. मार्सेयच्या घरात त्याच्यासाठी भिंत रिकामी ठेवली आहेस म्हणे.

पाठवण्याआधी मी ते इथल्या ह्राचिक नक्षीवाल्याला दाखवलं. भिंग लावून तो म्हणाला, "ताई, हायक राजाचं धनुष्य जसंच्या तसं आहे, आर्ताशेसचा घोडाही शाबूत. मग देखण्या अरा राजाचाच चेहरा कुणी पुसला हो? कुणाचा तरी फोटो आणा, नवा कोरून देतो."

मी तबक उचलून घरी आणलं. कुणी पुसला, ते तुला सांगते. अराची हनुवटी तुझ्यासारखी आहे, असं आईला वाटायचं. तू गेल्यापासून एकवीस वर्षं, रोज कामं आटोपली की ती तबक मांडीवर घेऊन त्याच्या गालावरून अंगठा फिरवायची. मी शेजारीच भांडी विसळत असायचे.

शेवटी तिला दिसेनासं झालं. एकदा मी भरवत असताना तिनं तसाच अंगठा माझ्या गालावरून फिरवला.

"आलास, झावेन? किती रे सुकलास!"

"हो, आई," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

कळत्या वयात तिनं माझ्या गालाला हात लावला तो तेवढाच, आणि तोही तुझा समजून. तबक मी देणार नाही. हे पत्रही न पाठवता त्याच्याच खाली ठेवते आहे. तुझी भिंत राहू दे रिकामी.

दमलेली,
आर्पेनिक