दारावर चिकटवलेलं समन्स

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी कागद पुढे केला की आधी तुमचाच आवाज कानात येतो, "कशाला पायजे सही?"

दुष्काळ सरला होता आणि भवानी पेठेतल्या आपल्या घरात तुम्हाला दुसरा माग बसवायचा होता. त्याच सुमारास कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहिला. एका सूत व्यापाऱ्याची उधारी तुम्ही थकवली, असा दावा. तुम्ही हात मागे बांधलेत. "मी कुनाचं सूत उचललेलं न्हाय. कागदाला हात लावला की अडकलो." त्यानं समन्स दारावर चिकटवलं. तो वळताच तुम्ही आईकडून तांब्याभर पाणी मागून घेतलंत आणि समन्स भिजवून खरवडून काढलंत. त्या दिवशी तुम्ही एक भाकरी जास्तच खाल्लीत.

मग मागासाठी कर्ज मागायला आपण दोघं बँकेत गेलो, तर कारकुनानं वही फिरवून लाल शाईचा शेरा दाखवला. कोर्टात तुम्ही गेलाच नव्हतात, म्हणून तुमच्यावर एकतर्फी हुकूमनामा झाला होता. उधारी पेठेतल्याच दुसऱ्या विणकराची. नाव-आडनाव तेवढं तुमचं. "ह्यो शेरा निघंपर्यंत कर्ज न्हाय," कारकून म्हणाला. तुमचा उतरलेला चेहरा बघवेना, आणि रागही आला. एवढा संशय बाळगलात, त्यानंच घात केला.

हुकूमनामा रद्द होईल, पण आधी वकीलपत्रावर सही करा, असं वकील म्हणाले. तुम्ही पुन्हा हात मागे बांधलेत. सूतवाला तुमचा कोण लागतो, हेसुद्धा त्यांना विचारून झालं. ते वैतागले. "अहो, सहीशिवाय मी उभा कसा राहू?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. मी नुकती मॅट्रिक झाले होते.

"तू वाचलंस न्हवं समदं?"

"व्हय अप्पा."

"मग दे पेन."

कोर्टात सूतवाल्यानं तुम्हाला पाहिलं आणि सांगून टाकलं, "साहेब, हे ते नव्हेत." हुकूमनामा रद्द झाला. परतताना तुम्ही मात्र विचारात. "एवढ्या सहज कबूल कसा झाला गं त्यो?" बँकेत मॅनेजरनं कोर्टाची नक्कल पाहून शेऱ्यावर रेघ मारली, तरी तुम्ही जागचे हलेनात. "खोडलं न्हवं, मग शेजारी सही करा की." मॅनेजर हसला, पण त्यानं सही केली. पुढे माग आला, हप्तेही फिटले, तरी बँकेत गेलात की तुम्ही ते पान उघडून दाखवायला लावायचात.

आज माझ्या टेबलावर मुलाच्या घरकर्जाचे कागद आहेत. मला जामीन राहायचंय. "आई, मी सगळं वाचलंय, तू नुसती सही कर," असं सांगून तो कामावर गेला. पोरगा सरळ आहे, मला जपतो. दुपारी त्यानं फोन करून विचारलं, तेव्हा चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता. अख्खी पेठ तुम्हाला संशयी म्हणायची, मीही म्हणायचे. पण तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत, अप्पा. मला माझ्या मुलाच्या शब्दावर करवत नाही.