काक्षी निळी नसते

प्रिय दादा,

हे पत्र लिहायला लावलं ते भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सनं. तुझ्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स. विकासनं लावलाय, तुम्हा दोघांच्या स्टुडिओच्या नावानं. पुढं तू, आणि तुझ्या मागं तूच काढलेला मृग नक्षत्राचा फोटो, हिर्डोशीला आपल्या खाचराच्या बांधावरनं काढलेला. आभाळ जांभळं आहे, काक्षी निळी आहे, आणि तू गोरा आहेस.

तू कधी गोरा होतास रे?

मृगातला तांबूस तारा काक्षी आणि निळसर तो राजन्य, हे मला तूच दाखवलंस. तोवर मला सगळे तारे पांढरेच वाटायचे. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून तू म्हणालास, "रेखा, डोळ्याला कमी दिसतो, पण रंग असतो. कॅमेरा तो आणतो. आपण फक्त घालवायचा न्हाई."

मी तिथं कामाला लागल्यावर गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी तू शिकवत बसायचास. कॅमेऱ्यातनं आलेली कच्ची फाईल काळीकुट्ट. तिच्यातला उजेड हळूहळू वर ओढायचा, पण लाल, हिरवा, निळा तिन्ही एका मापानं. घाई केली की ताऱ्याचा पांढराफटक ठिपका होतो आणि मग त्याचा रंग काही केल्या परत येत नाही. हायवेच्या दिव्यांचा पिवळट पडदा तेवढा काढायचा. सूर्याच्या जातीचा तारा पांढरा दिसला की बाकीचे आपापल्या रंगावर येतात, म्हणायचास.

विकास मागनं हसायचा. "ह्येच्यापेक्षा लग्नाचा अल्बम बरा."

त्याच विकासनं माझा स्थळासाठी काढलेला फोटो तुला न विचारता उजळून दिला होता. वरव्याची माणसं मला बघायला आली. मुलाच्या आईनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि कप खाली ठेवून शांतपणे विचारलं, "ह्या फोटुतली पोरगी कुठली म्हणायची?"

चहा संपवून ती माणसं गेली. तू तडक भोरला जाऊन विकासशी भांडलास. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायलास. का रे? "सोड गं, मनानं वाईट न्हाई त्यो," असं मला सांगितलंस. तुझं हे सोडून देणं मला कधीच पटलं नाही. घाटात गाडी घसरून तू गेलास, आणि तुझे सगळे फोटो त्याच्याच हातात राहिले.

फ्लेक्स बघून मी तशीच स्टुडिओत गेले. म्हटलं, "काक्षी निळी केलीस?"

"एसटीतनं उतरणारा माणूस काळ्या आभाळाकडं बघतोय का रेखा? लोकांनी थांबून बघावं म्हणून केलं. त्याच्यासाठीच केलं ना?"

"आणि त्याचं तोंड?"

"सगळ्यांचंच करतो की आपण."

त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं मला जास्तच संताप आला. खोटं रडला असता तर सोपं गेलं असतं. तुझी हार्ड डिस्क मागितली, ती त्यानं काढून दिली. फ्लेक्स उतरवायला मात्र नाही म्हणाला. मी त्या दिवसापासून कामावर गेले नाही.

घरी आले तर काय बघते? आबांनी त्याच फ्लेक्सची लहान प्रत विकासकडनं मागून आणलेली, तुळईखाली खिळा ठोकत होते.

"आबा, दादा असा नव्हता."

"मला म्हाईत न्हाई व्हय? म्या वाढवलाय त्याला," आबा म्हणाले. "पर शेवटचा बघितला तवा कसा दिसत हुता, त्ये तू न्हाई बघितलंस. ह्यो बरा वाटतोय. राहू दे."



मग तुझ्या जुन्या लॅपटॉपवर मृगाची कच्ची फाईल उघडली. तू शिकवलंस तसंच, सावकाश केलं. काक्षी विस्तवासारखी आली, राजन्य निळसर, खाली डोंगराची काळी कड. मी बराच वेळ बघत बसले. आबांना दाखवलं. ते म्हणाले, "काळंच लई हाय गं," आणि गुरं बांधायला गेले.

तुझे खरे रंग बघायला घरात मी एकटीच उरले आहे. जिवंतपणी तू आबांना एकदा तरी स्टुडिओत आणून बसवायचं होतंस.

डिस्कवर वेल्ह्याच्या पठारावरनं काढलेल्या फोटोंच्या कच्च्या फायली आहेत. तू त्या उघडल्याही नव्हत्यास. त्यांत काय निघेल ते तुला माहीत नव्हतं, मलाही नाही. त्या मी एकेक करून उघडीन. जे निघेल तेच ठेवीन, कुणाला आवडो न आवडो. तू असतास तर विकासला एव्हाना माफ केलं असतंस. तेवढं मात्र माझ्याकडनं होणार नाही.

तुझी,
रेखा