दोन डब्यांचा डाव

४ ऑक्टोबर

भाऊजी आले. खांद्याला पिशवी, पिशवीत त्यांचा डबा. दारातच म्हणाले, "वहिनी, आधीच सांगतो. मी त्याच्याशी खेळायला आलेलो नाही. माझं मशीन त्याच्या मशीनशी खेळणार."

आतून हे ओरडले — ऑक्सिजनची नळी लावून जेवढं ओरडता येतं तेवढं — "त्याला म्हणावं, आधी धूळ पूस त्याच्यावरची."

सख्खे भाऊ. इतक्या वर्षांनी एका खोलीत, आणि बोलणं माझ्यामार्फत. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. घरातली एक लाइन काही जोडता आली नाही.

५ ऑक्टोबर

हे बुद्धिबळाचे कॉम्प्युटर दोघांनी तरुणपणी घेतलेले. यांचा तपकिरी, भाऊजींचा करडा. मी दोघांनाही डबेच म्हणते. कुणाचा डबा हुशार, हा वाद माझ्या लग्नाआधीपासूनचा. डब्याला हात नसतात. विचार झाला की पटाच्या कडेचे लाल दिवे लागतात — इथलं उचला, तिथे ठेवा. उचलायचं माणसानं.

हे खेळी मोठ्याने सांगतात, भाऊजी ती आपल्या पटावर करतात, मग करडा डबा विचारात पडतो. "घोडा, एफ तीन." "प्यादं, डी पाच." संध्याकाळचे दोन तास एवढीच भाषा. सगळ्यात हळू पातळी लावली आहे, भाऊजींनीच. पाच-सहा खेळ्या होतात आणि दिवस संपतो. बंद केले तरी डबे काही विसरत नाहीत. आमच्या घराला शोभतात.

७ ऑक्टोबर

भाऊजींना फोन मीच केला होता. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवला त्या दिवशी. म्हटलं, हे फार दिवसांचे सोबती नाहीत. पलीकडून भाऊजी, "त्याचा तो तपकिरी डबा चालतो का अजून?"

भांडण सासूबाईंवरून. त्या शेवटी आमच्याकडे होत्या. भाऊजी बोटीवर इंजिनिअर. मी म्हणत होते, कळवा. हे म्हणाले, "कळवून काय? पोहत येणार आहे का?" त्या गेल्यावरच कळवलं. भाऊजी आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "आजारी आहे एवढं सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं?" त्यानंतर एकदम आत्ता.

मला एवढंच हवंय — डाव संपायच्या आत दोघांनी बोलावं. डाव संपला की भाऊजी पिशवी उचलतील आणि जातील.

९ ऑक्टोबर

यांना धाप फार. तरी खेळले. वजीर-वजीर कापले गेले म्हणे.

१२ ऑक्टोबर

पटावर आता थोडीच मंडळी उरली आहेत. दोघांचे राजे, एकेक हत्ती, काही प्यादी. आज तपकिरी डब्याचे सगळे दिवे एकदम लागले आणि तो टीं-टीं करत सुटला. दोघांनी पटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"काय झालं हो?" मी.

"बॅटरी उतरली असेल," भाऊजी म्हणाले.

"तेच," हे म्हणाले.

यांनी कुठलंसं बटण दाबलं. डाव पुढे सुरू.

बॅटरीवर दोघांचं एकमत! माझ्या संसारातलं पहिलं.

१४ ऑक्टोबर

मला खेळ कळत नाही, पण कान आहेत. हत्ती ई एक, हत्ती ई दोन. परत ई एक. शतपावली. भाऊजी निघाले तेव्हा जिन्यात गाठलं. "हे तेच तेच चाललंय ना?"

ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, डाव बरोबरीत सुटलाय. परवाच. ते सगळे दिवे बरोबरीचेच लागले होते. त्याच्या ध्यानात आलेलं नाही. बोलू नका."

वर आले. हे उशीला टेकून हसत होते. "काय म्हणतो? कळलं का त्याला? नाहीच कळलं. बोटीवर राहून राहून खेळ विसरलाय लेकाचा. तू गप्प बस, कळलं?"

मी गप्प. दोघांनाही तसा शब्द दिला आहे.

१६ ऑक्टोबर

आजही शतपावली. भाऊजी एकदा खेळी सांगता सांगता थांबले, घसा खाकरला. मला वाटलं, आता. "हत्ती, ई सात," म्हणाले.

१७ ऑक्टोबर

डॉक्टर घरी येऊन गेले. हात धुताना मला म्हणाले, "काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या." यांनी ऐकलं बहुतेक. कान शाबूत आहेत.

१८ ऑक्टोबर

तपकिरी डब्याने नेहमीचे दिवे लावले. यांनी हत्ती उचलला. आणि नेऊन ठेवला भलतीकडेच, भाऊजींच्या राजाच्या अगदी पुढ्यात.

भाऊजी पुढे वाकले. "डबा हे नाही सांगत."

"मी सांगतोय."

"फुकट जाईल तो."

"जाऊ दे. घे." मग नळी जरा बाजूला केली आणि सरळच म्हणाले, "आईचं मी तुला कळवायला हवं होतं. चुकलं माझं. कळवायची भीती वाटली. आलास तर म्हणशील, नीट बघितलं नाहीस."

मी स्वयंपाकघराच्या दारात. हातात ओला कप तसाच. भाऊजींनी सवयीने ती खेळी आपल्या पटावर केली आणि करडा डबा या वेळी लगेच दिवे लावून बसला — हत्ती मारा म्हणून. भाऊजी हात लावेनात. चेहरा उतरून गेला. राग असेल म्हणावं तर राग नव्हता. मला वाटलं होतं, आता गळ्यात पडतील. ते उठले, डबा पिशवीत घातला, बंदही केला नाही. पिशवीतून टीं-टीं चालूच.

दारात वळून म्हणाले, "उद्या बोलू, दादा."

दादा म्हणाले. हे किती वेळ दाराकडे बघत होते.

१९ ऑक्टोबर

सकाळी चहा घेतला नाही यांनी. दुपारी ॲम्ब्युलन्स. भाऊजी हॉस्पिटलात पोचले तेव्हा नर्स नळी काढत होती.

२४ ऑक्टोबर

यांच्यासाठी भाड्याने आणलेला पलंग परत नेला. खोलीत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर नाही. झोप येत नाही तिच्याशिवाय.

३ नोव्हेंबर

भाऊजी आले. हातात काही नव्हतं. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वहिनी, आईनं तेव्हा फोन केला होता. बोटीवर. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर शेजारणीकडून लावून घेतला होता. आजारी आहे, ये म्हणाली. पुढच्या बंदरात उतरता येत होतं. बढती अडली असती. नाही उतरलो."

मी म्हटलं, "मग यांना का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच तर येत होतो," म्हणाले. "रोज."